आईच्या डिस्कचा नंबर

मुरुम,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडं बरे आहोत. आबांचा गुडघा दुखतो, तरी रोज स्टुडिओत येऊन बसतात. वहिनीला सांग, तिनं हैदराबादहून पाठवलेला शर्ट त्यांना ढगळ होतो, पण अंगातून काढत न्हाईत.

फोनवर आपण दोनदा बोललो अन् दोन्ही वेळा मी भाकरी-कालवणाचंच बोलत बसले. तू विचारलंस, "आईच्या पुण्यानुमोदनाला तिची गाणी लावायची, तयार हायत न्हवं?" मी "व्हय" म्हणाले. खोटं बोलले. तोंडानं सांगवत न्हाय म्हणून लिहितेय.

तू बसवून दिलेला तो नेटवर्कच्या वायरीवरचा डिस्कचा डबा. आईची गाणी त्यातल्याच डिस्कवर होती. कम्प्युटर चालू केला की डिस्क आपोआप दिसत न्हाय, तिची डिव्हाइस फाइल हातानं करावी लागती. म्हणून ती ओळ तू पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला चिकटवलीस. आधी एमकेनॉड ही आज्ञा, नाव 'आई', मग बी, १५२, शून्य. शेवटचा शून्य म्हणजे आईच्या डिस्कचा नंबर. "नाव काहीबी दे, प्रीते, कम्प्युटर नंबरच बघतो," असं बजावलंस. गाण्यांची दुसरी प्रत काढून ठेव, असंबी म्हणालास. ती काढली न्हाय. ओळ मात्र रोज सकाळी टाइप केली, बुद्धवंदना म्हणावी तशी, न चुकता.

मागच्या सोमवारी गल्लीतल्या शिवलीलाच्या लग्नाचं शूटिंग ठेवायला डब्यात नवी डिस्क घातली. तिचा नंबर सोळा, हे मला ठाऊक होतं. पण बोटं सवयीनं चालली. 'आई' खोडून 'नवी' लिहिलं, शेवटचा शून्य तसाच राहिला. नवी समजून फॉरमॅट मारला. आधीचं काहीतरी दिसतंय, खरंच करू का, असं कम्प्युटरनं एकदा विचारलंसुद्धा. मी घाईत हो म्हणाले. वर शिवलीलाचं अख्खं लग्न ओतलं.

सोलापूरला एका दुरुस्तीवाल्याकडं नेली डिस्क. तो म्हणाला, "ताई, आता ह्यातनं लग्नच निघतंय."

आईची चौदा गाणी गेली, दादा. म्या घालवली. मला रडू येत न्हाय. जेवते, झोपते, गिऱ्हाइकांशी हसते. ह्याचीच लई भीती वाटते.

आबा दुपारी खुर्ची सरकवून म्हणतात, "लाव की तुझ्या आईला." मी म्हणते, "आबा, लाइट न्हाय." डोक्यावर पंखा गरगर फिरत असतो. ते वर बघतात, मग म्हणतात, "बरं, आली की लाव." त्यांना कळलंय का, हे विचारायची माझी छाती होत न्हाय.

नऊ मार्चला कार्यक्रम आहे. तू आदल्या दिवशी ये. शिव्या द्यायच्या तर इथं येऊन दे, मी ऐकून घेईन. भाकऱ्या थापताना आई म्हणायची त्या गाण्याची पहिली ओळ मला येती, पुढची न्हाय. तुला येत असेल तर चिठ्ठीत लिहून पाठव, फोनवर नको.

आबांना आपण दोघं मिळून सांगू. तोवर मी लाइट न्हाय असंच म्हणते.

तुझ्या चिठ्ठीची वाट बघणारी,
प्रीती