सदऱ्यावर राहिलेला माइक

रेवदंडा

चि. सुयश,

आशीर्वाद आहेतच, पण आज जरा हात आखडता घेऊन.

भाऊबीजेला तू मला ओवाळणीत कानाचं मशीन दिलंस. त्याच्यासोबतचा छोटा माइक स्वतःच्या सदऱ्याला अडकवलास आणि म्हणालास, "ताई, आता मी कुठूनही बोललो तरी थेट तुझ्या कानात." खरंच होतं ते. फराळ झाल्यावर बायकोला घेऊन विहिरीकडे गेलास आणि माइक काढायला विसरलास. मी स्वयंपाकघरात ताटं आवरत होते, आणि तुझा आवाज कानात आला.

"ताईला परत काय विचारायचं? वाडी होमस्टेवाल्याला देऊ, तिला पनवेलच्या वृद्धाश्रमात ठेवू. बोललोय मी तिच्याशी. मान डोलावली तिने."

अरे, मी सगळ्यालाच मान डोलावते. ऐकू येत नाही म्हणून डोलावते. तिसऱ्यांदा "काय?" विचारलं की तुझ्या कपाळाला आठी पडते, ती बघवत नाही म्हणून डोलावते. त्याला तू होकार समजलास? ज्या सुपाऱ्या मी शिंपून वाढवल्या, त्यांचा निकाल माझ्या भिडेवर लावलास?

आणि वर घरात येऊन, माझ्या कानात मशीन असताना, मोठ्याने ओरडलास, "काही लागलं तर सांग हं." आणि मी सवयीने पुन्हा मान डोलावली.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुला कळलं तर तू सावध होशील. त्या होमस्टेवाल्याला घेऊन ये. माइक मी माझ्या हाताने त्याच्या सदऱ्याला लावीन, शब्द न् शब्द ऐकीन आणि मग सगळ्यांदेखत मान हलवीन. आडवी.

तुझी ताई,
दुर्गा