मंजुळाबद्दल कुणीच बोललं नाही

शुक्रवार. उद्यापासून दिवाळीची सुट्टी.

खालापूरहून एसटीत बसले तेव्हापासून नववीचा तास डोक्यातून जात नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला आज एकेकाला उभं केलं आणि बाकीच्यांना त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला लावली. मुलं खुलली होती. मग डोंगरातल्या वाडीवरची मंजुळा उभी राहिली आणि सगळा वर्ग गप्प झाला. मलाही काही सुचलं नाही. का सुचू नये?

शेवटी तिच्या बाकावरची नाझनीन म्हणाली, "बाई, ती दरवर्षी दिवाळी झाली की आईबापाबरोबर घाटावर वीटभट्टीवर जाते. आमाला ती नीट माहीतच नाय."

"खरं हाय बाई," मंजुळा म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

नाझनीनची पाळी आली तेव्हा पहिला हात मंजुळाचाच वर. "ही डबा उघडला की आधी माझ्याकडं सरकवते." नाझनीन खाली बघत राहिली.

तो गप्प झालेला वर्ग अजून समोर दिसतोय. आपुलकी शिकवायला गेले आणि भर वर्गात पोरीला एकटं पाडलं.

घंटा झाल्यावर ती टेबलाशी आली. "बाई, मी परत आले की हा तास पुन्हा घ्याल ना?"

मी हो म्हटलं. ती भट्टीवरून परतेल तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन शाळा बंद झालेली असेल. मला ते ठाऊक होतं. तिलाही होतं.