जुडी बांधायच्या आधी

८ जुलै, मंगळ.
आणि वर म्हणतो, ताई, समजून घ्या. काय समजून घेऊ? आमदार आहे आपला. मतं मागायला आला तेव्हा माझ्या पाटीसमोर सगळ्या बायांदेखत बोलला होता, इंदिरानगरचा हा भाजीबाजार उठवून इथं पार्किंग करायला सरकारनं पैसा मागितला तर मी सभागृहात नाही म्हणेन. आज पैसा मंजूर. यानंच हो म्हटलं. फोनवर काय तर, सगळ्या खात्यांचा खर्च एकाच विधेयकात होता, तुमच्या गल्लीची पाण्याची लाइनसुद्धा त्यातच. नाही म्हटलं असतं तर पाणीपण गेलं असतं.
म्हणजे माझ्यावरच उपकार. मेला.

९ जुलै
शांता शेजारी बसते, कोथिंबीर विकते. तिला पटलं. म्हणे, पाणी तर येतंय ना गं. मी म्हटलं, बसायला जागाच नसली तर त्या पाण्यात काय पाय सोडून बसशील?  दुपारभर तिचं तोंड उतरलेलं. मग चहा मागवला तिच्यासाठी. 
खरं म्हणजे मलाही घटकाभर पटलं होतं. मेथी बांधताना. आत पिवळा पाला, वरून हिरवा. गिऱ्हाईक म्हणतं पिवळा काढा, आपण म्हणतो जुडी सोडत नाय, घ्यायची तर अख्खी घ्या. आमदाराचंही तेच.

११ जुलै, शुक्र.
पाठककाका मेथीला आले. विधानभवनात कारकुनी केलेला माणूस, आता रिटायर. त्यांना विधेयकाचं विचारलं. लय बोलले, निम्मं डोक्यावरून गेलं. मतलब एवढा, की विधेयक शेवटी बांधतात. त्याच्या आधी एकेका खात्याची मागणी वेगळी ठेवतात, वेगळं हो-नाही विचारतात. पाण्याचं खातं निराळं, पार्किंगचं निराळं. आपला आमदार तेव्हा कपात सूचना, म्हणजे हा पैसा कापा असं लिहून, देऊ शकत होता. पैसा कापलाच असता असं नाय, पण नाही म्हटल्याचं कागदावर तरी राहिलं असतं.
"म्हणजे जुडी बांधायच्या आधी पाला सुटा होता?"
"सुटाच होता, मंदाबाई."
आणि आम्हाला अडाणी समजून...

१३ जुलै, रवि.
शांताला घेऊन आमदाराच्या ऑफिसात. गर्दी होती, बरंच झालं. परत तेच, ताई, एकच विधेयक. मी म्हटलं, विधेयक राहू द्या, पार्किंगची मागणी सुटी आली तेव्हा काय बोललात? त्यानं पीएकडं बघितलं. पीएनं मोबाइलकडं. मग म्हणतो, माहिती घेऊन कळवतो. स्वतःच्या तोंडातून काय निघालं त्याची माहिती घेणार.
शांता चारचौघांत कधी बोलत नाय. आज बोलली.
"साहेब, हो म्हटलं का गप बसले, तेवढंच सांगा."
मग चहा घ्या, चहा घ्या. नाय घेतला.
निघताना सांगून आले. शुक्रवारपर्यंत उत्तर पाहिजे. बाजारात येऊन, बायांदेखत, जिथं शब्द दिला तिथंच. हो म्हणालात, का गप बसलात, का तिथं नव्हतातच. सुटं सुटं सांगा. जुडी बांधून आणू नका.