तलावाच्या बागेत वाकळा

माय, सकाळपासून माझं एका जागी बूड टेकत नाही. चहा ठेवला, तो उतू गेला. लिहायला बसले, उठले, खिडकीपाशी जाऊन आले, पुन्हा बसले. नातीने एवढंच विचारलं होतं, की भिलाईत लहानपणी तुम्ही फिरायला कुठे जायचात. मी म्हटलं, तलावाच्या बागेत, बोटीत बसायला. ती खूश होऊन पळाली आणि मी घरभर येरझाऱ्या घालत राहिले, कारण त्या बागेत मी एकदाच गेले होते, आणि तूही होतीस, हे मी तिला सांगितलं नाही.

पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. बाबा क्रेनवर होते, त्यांना रविवारीसुद्धा ड्युटी. कारखान्यासाठी अडवलेल्या पाण्याच्या काठी नवी बाग झाली होती. नावा बांधायला लाकडी धक्का, पोहणाऱ्यांसाठी दोर लावून वेगळं काढलेलं पाणी, उतरायला सिमेंटच्या पायऱ्या आणि ट्रकने आणून पसरलेली शिवनाथ नदीची रेती. बाबांच्या खात्याने घरच्यांसाठी बस काढली. बाकीच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पुरीभाजीचे डबे घेऊन आल्या. तू आलीस ती दोन वाकळा, धुणं बडवायची मोगरी आणि सोड्याची पुडी गाठोड्यात बांधून. मी रडकुंडीला आले. तू म्हणालीस, "एवढं पाणी पाहाले चाललो अन् हात हालवत जाऊ? नळाले तर घागरभर पाणी येत नाही." भंडाऱ्याकडची तू, तळ्याच्या गावची. तुझ्या मते तलाव नुसता बघायचा नसतो, वापरायचा असतो. आजही मला त्यात तुझी चूक सापडत नाही, आणि म्हणूनच जास्त जीव जळतो.

बसमधून उतरल्याबरोबर मी तुझ्यापासून लांब पळाले. माझ्या वर्गातली एका साहेबांची मुलगी धक्क्यावर उभी होती, त्यांच्या बोटीत एक जागा रिकामी होती आणि ती मला बोलावत होती. मी तिच्याजवळ उभी आहे, आणि मागून मोगरीचा आवाज येतो. तू लुगडं खोचून दोराच्या आत गुडघाभर पाण्यात उभी आहेस, पोहणाऱ्यांच्या पायरीवर वाकळ बडवते आहेस. रेतीवर पडलेल्या, कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांच्या बाया उठून बसल्या आहेत. सोड्याचा गढूळ फेस त्यांच्या मुलांकडे चालला आहे. चौकीदार शिटी वाजवत येतो, तुझ्यावर खेकसतो आणि मग आम्हा मुलींकडे वळून विचारतो, "ये किसकी माँ है?" मैत्रीण माझ्याकडे बघते. मी म्हणते, "मालूम नहीं."

तू ऐकलंस. मोगरी थांबली होती आणि पाण्यावरून आवाज लांब जातो. माझ्याकडे न बघता तू चौकीदाराला म्हणालीस, की पिळून घेते आणि जाते. आमची बोट सुटली. ओली वाकळ एकट्या बाईला पिळता येत नाही. घरी नेहमी एक टोक मी धरायचे आणि पीळ तू द्यायचीस. तिथे तू एक टोक पायाखाली दाबून दुसरं पिळत होतीस, आणि ती पुन्हा पुन्हा निसटून रेतीत पडत होती. रेती लागली की तू ती परत पाण्यात बुचकळायचीस, आणि चौकीदार परत शिटी वाजवायचा. मी बोटीत बसून हे सगळं बघितलं. शरमेने मेले होते, पण तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

ड्रायव्हरने ओल्या वाकळा बसमध्ये घेतल्या नाहीत. तू त्या डोक्यावर घेऊन चालत निघालीस, मी बसने आले. दिवेलागणीला तू पोचलीस तेव्हा बाबा माझ्यावर तापलेले होते, मायले एकटं कावून सोडलं म्हणून. तुझ्या पाठीवरून पाणी निथळत होतं. गाठोडं उतरवता उतरवता तू म्हणालीस, "तिले कावून बोलून राहिले? मीच म्हटलं, बसनं जाय. पोरगी बोटीत होती, तिले काय मालूम." मला एक धपाटा घातला असतास तर मी सुटले असते.

त्यानंतर वाकळ पिळायला तू मला कधी हाक मारली नाहीस. मी समोर बसलेली असले तरी शेजारच्या मावशींना बोलवायचीस. माझं लग्न झालं, तुझं दुखणं झालं, तू गेलीस, तो विषय काही निघाला नाही. हे नातीला वाचून दाखवावं असं मघाशी वाटलं होतं, पण तेवढी छाती नाही. कागद पुस्तकात दडपून ठेवीन झालं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की तू मला शिक्षा केलीस आणि मी ती मुकाट्याने भोगली. लिहिताना तेही टिकत नाही. तू मावशींना हाक मारायचीस तेव्हा मला वाईट वाटत नव्हतं, माय. मी पुस्तकातून मान वर करायचे नाही, आणि मनात म्हणायचे, बरं झालं, सुटले.