असल्यांना भर चौकात

७ मार्च, मंगळवार
औषधांच्या दुकानातल्या बाईंवर दुकानातच चाकूहल्ला! चोर पळाला. बाई वाचल्या. दुकान आमच्यापासून हाकेच्या अंतरावर! शिवायला बसले, पण दर दोन टाक्यांनी उठून दाराची कडी बघतेय.

८ मार्च, बुधवार
फोनवर दिवसभर तेच. सकाळी एक चोर होता, दुपारी तीन झाले, आता म्हणे टोळी. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "असल्यांना भर चौकात लटकवा. कोर्टबिर्ट कशाला?" मी मान हलवली. मनापासून. पोरीला शाळेत पाठवलं नाही.

१० मार्च, शुक्रवार
माप द्यायला येणारी प्रत्येक बाई तेच बोलते. आणि आता आमचे हेसुद्धा! मुंगी चिरडली तरी हळहळणारा माणूस. जेवताना म्हणाले, "आज धरतात, उद्या सोडतात. हात तोडले पाहिजेत." सासूबाई म्हणाल्या, "आधी त्या बातम्या बंद कर रे." हे ताटावरून उठले.

११ मार्च, शनिवार
दवाखान्यात औषधांच्या दुकानातल्या बाईंना भेटले. वाटलं, शिव्याशाप देतील. तर म्हणाल्या, "पकडा, तुरुंगात घाला. पण मारझोड नको. त्याचा चेहरा मलाच धड दिसला नाही, तुम्ही मारणार कोणाला?"
वहिनींना सांगितलं. "भोळ्या आहेत बाई," म्हणाल्या.

१३ मार्च, सोमवार
कोपऱ्यावर एकाला धरलं! अनोळखी तोंड, पाठीवर पिशवी, बोलताना अडखळला — बस्स. खिडकीतून पाहिलं. खरं सांगते, आधी बरं वाटलं. मग त्याचं ओरडणं कानावर आलं, "रंगारी आहे हो मी! काम विचारायला आलोय!" आणि गर्दीत हे. ह्यांचा हात वर जात होता, खाली येत होता. पोलीस आले तेव्हा तो माणूस हलत नव्हता.
घरी येऊन ह्यांनी निवांत चहा घेतला. वहिनी खाली आल्या — "भाऊजी, वाघ आहात!"

१४ मार्च, मंगळवार
खरा चोर दुसऱ्याच गावात सापडला. चाकूसकट. कबूलही झाला.
रंगारी रंगारीच होता.
वहिनींनी दार लावून घेतलंय. हे भिंतीकडे तोंड करून पडलेत, जेवले नाहीत. मी पोरीला घेऊन सासूबाईंच्या खोलीत झोपणार. ह्यांच्याजवळ जायला भीती वाटते. स्वतःच्या नवऱ्याची!

१६ मार्च, गुरुवार
रंगारी सकाळी दवाखान्यात वारला. खाली माणसं जमलीत, कोणीतरी आमचं दार ठोठावतंय. सासूबाई म्हणतात, "उघड, पोलीस असतील."
पोलीसच असू देत. देवा, पोलीसच असू देत!