आमच्या डंकावरच्या शिंका

घोडेगाव, २२ मे २०२१

आळ्याच्या विहीणबाईंना, म्हणजे आमच्या सिद्धीच्या सासूबाईंना, सूरजबाईचा जय जिनेंद्र आणि सहा फुटांवरून नमस्कार. व्याहींचा गुडघा कसा आहे? जावईबापू घरूनच काम करतात ना? सिद्धीच्या पायांची सूज उतरली का? (मीठ कमी द्या असं मी म्हणत नाही, तुम्ही देतच असाल.) आमच्याकडे सगळं ठीक. पत्र बघून दचकू नका. फोनच केला असता, पण फोन लावला की आधी ती सरकारी सूचना पुरी ऐकायची, ती संपते न संपते तोच तुम्ही सुरू होता, आणि मला बोलायला मिळतच नाही. पत्रात मात्र मला मध्येच कुणी तोडू शकत नाही.

तर विषय जुनाच. पाडव्याच्या आधी सिद्धीची ओटी भरलीत (मी मोबाइलमधून बघितली, निम्मा वेळ मला तुमच्या छताचा पंखाच दिसत होता), तेव्हा पाचजणींसमोर तुम्ही म्हणालात, की घोडेगावचं घर म्हणजे खाली मिरची कांडायचा डंक आणि वर माणसं, दिवसभर परक्या बायका येऊन शिंकतात, असल्या साथीत तिथं मी सून पाठवायची नाही. विहीणबाई, पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माझ्या आईनं केलं, तिचं तिच्या आईनं केलं. आणि सिद्धी माझी एकुलती एक. त्या दिवशी मला घास गेला नाही. आमचे हे (माणिकचंदजी, नाव लिहिलं म्हणून हसू नका, पत्रात चालतं) म्हणाले, जेव की गं. मी म्हटलं, उपवास आहे. आणि मग तो दिवस खरंच उपवासात धरला, उगाच वाया कशाला घालवायचा?

त्यात चौथ्याच दिवशी पथक आलं. कुठल्या कामाच्या जागी संसर्गाचा धोका किती, ते बघून कागदावर लिहिणारं. त्यांचे प्रमुख गोरखसाहेब, तिशीतला माणूस, बोलायला गोड. त्यांच्या फॉर्मवर प्रश्न होता, शिंकणारे आणि खोकणारे किती? आता तुम्हीच सांगा, ऐन साठवणीच्या मसाल्याचा हंगाम, डंकाखाली लवंगी मिरची, आणि हे विचारतात शिंकतं कोण! आमची लंकाबाई मिरची टाकता टाकता शिंकली, रुक्साना चाळता चाळता शिंकली, दारातली गिऱ्हाइकं शिंकली. साहेब आपले रेघा ओढतायत. मग त्यांची वही धरणारा शिंकला, त्याचीही रेघ. शेवटी साहेब स्वतः असे काही शिंकले, की चष्मा मिरचीत! पण माणूस प्रामाणिक, स्वतःचीही रेघ ओढली. पाच मिनिटांत एक्केचाळीस शिंका. लंकाबाई म्हणाली, "सायेब, आमी आजारी न्हाई वो, मिरची हाय ती." साहेबांनी डोळे पुसत 'धोका: अतिशय जास्त' असं लिहिलं, आणि आठ दिवसांत सुधारणा दिसली नाही तर डंकाला सील लावू, असं सांगून गेले.

हंगाम बुडेल ही भीती आमच्या ह्यांना. मला भीती वेगळीच. दाराला सील लागलं, की दुपारच्या आत बातमी आळ्याला, आणि तुम्ही म्हणणार, बघा, मी म्हटलं नव्हतं? मग सिद्धी काही येत नाही.

तेव्हा मी पदर खोचला. एक सबंध सकाळ स्टुलावर बसून आपल्याच डंकाकडे परक्या माणसासारखी बघत राहिले. (सात ते अकराच उघडं ठेवायची परवानगी, तेव्हा सबंध सकाळ म्हणजे चारच तास, पण मला ते सुद्धा जड गेले.) आणि दिसलं काय? डंकाजवळ सगळ्या बायका नाकातोंडाला दुहेरी फडकं बांधून. मिरचीपुढं न बांधून सांगतात कुणाला. डंक दणादणा आदळतो म्हणून एकमेकींपासून लांबही. पण दहाचा चहा आला रे आला, की फडकी खाली, सगळ्या एका पोत्यावर, गुडघ्याला गुडघा, हिच्या बशीतला चहा ती पितेय, आणि गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाजवळ तोंड नेऊन कुजबुज. अगं बाई! म्हणजे धोका शिंकेत नव्हताच, चहात होता. आणि साहेबांच्या फॉर्मवर चहाचा रकानाच नाही!

दुसऱ्या दिवसापासून चहा मागच्या अंगणात. चार कोपऱ्यांत चार पाट, ज्याचा त्याचा कप, आणि गप्पा मारायच्या तर फडकं बांधून, ओरडून. (लंकाबाईचं जावेशी काय भांडण आहे ते आता सगळ्या गल्लीला पाठ झालंय, पण त्याला माझा इलाज नाही.) गिऱ्हाइकांनी पिशवीला चिठ्ठी लावून ती ओट्यावर ठेवायची आणि घरी जायचं, मसाला झाला की आम्ही फोन करणार. मागच्या भिंतीच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. तिथं ह्यांनी वीस वर्षं पोती रचली होती, त्यामागून चार पाली आणि हरवलेला अडकित्ता निघाला. बाकी उकळलेलं पाणी, तोंडावर फडकं, बाहेरचं न खाणं, हे आपल्या जैनांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहेच. सरकारला ते आता सुचलं.

पण माझी खरी युक्ती पुढंच आहे. या रोगात वास जातो, असं ऐकलं होतं. आणि आमच्या धंद्यात नाकाशिवाय आहे काय? म्हणून नियम केला, रोज सकाळी कामाला हात लावायच्या आधी प्रत्येकानं लांब उभं राहायचं, डोळे मिटायचे, आपापल्या पुडीचा वास घ्यायचा आणि सांगायचं, दगडफूल, लवंग का हिंग. आमच्याकडे शिंकणारा ठणठणीत, हिंग न ओळखणारा संशयित! पाचव्या सकाळी सापडली की हो एक व्यक्ती. नाव सांगत नाही, माणसाची अब्रू असते. पण काय तो हट्ट! हिंग नाकाशी धरून म्हणते कशी, हा हिंगच खोटा, नुसतं पीठ भरलंय. अर्धा तास वाद. शेवटी लंकाबाईनं त्याच डब्यातली आपली पुडी हुंगली आणि म्हणाली, "हिंग लई झ्याक हाय. हिंगाला काय न्हाई झालं, नाकालाच झालंय."

त्या व्यक्तीला तिथल्या तिथं बाजूला केलं. तपासणी झाली, पॉझिटिव्ह निघाली. आम्ही आपणहून साहेबांना कळवलं, डंक बंद ठेवला, सगळ्यांना तपासून घेतलं, पाच दिवसांनी परत तपासलं. विहीणबाई, दुसऱ्या कुणालाही नाही! लंकाबाई नाही, रुक्साना नाही, आमचे हे नाहीत. डंक पुन्हा उघडला त्या दिवशी गोरखसाहेब आले, खिडक्या बघितल्या, अंगणातले पाट मोजले, स्वतः हिंग हुंगला, आणि 'अतिशय जास्त' खोडून आपल्या हातानं 'कमी' लिहिलं. खाली सही, शिक्का! शिवाय फॉर्मवर पेनानं एक नवा रकाना आखला, चहा कुठं आणि कसा पितात? तो रकाना माझा बरं का. आता जिथं जातील तिथं विचारतात म्हणे. कागद फ्रेम करून भिंतीवर लावलाय आणि मी गल्लीतून मान वर करून चालते. चालू द्या मला, कष्ट केलेत मी.

व्याहींना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, सिद्धीच्या पाठीवरून माझ्या वतीनं हात फिरवा.

तुमची,
सूरजबाई

ता. क. साहेबांच्या कागदाची झेरॉक्स सोबत आहे. मागची खोली चुना लावून घेतलीय, तिला दार वेगळं आहे, ते अंगणात उघडतं. नववा लागायच्या आत सिद्धीला पाठवा. पत्र शफीभाईंच्या टेम्पोतून पाठवतेय, पण तिच्यासाठी गाडी वेगळी करते, तिच्या शेजारी परकं कुणी बसणार नाही. नाही म्हणू नका.

ता. क. दुसरा. शफीभाईंना सगळं ठाऊक आहे आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा मीच सांगते. ती हट्टी व्यक्ती मी. हिंगाच्या व्यापाऱ्याला फोन करून नको नको ते बोलले होते, मागाहून माफी मागितली. सतरा दिवस त्या मागच्या खोलीत एकटी काढले. आमचे हे दाराबाहेर ताट ठेवून मला कळावं म्हणून खाकरायचे, आणि मग आपण खाकरलो म्हणून स्वतःच घाबरायचे. सिद्धीला अजून माहीत नाही, तिच्यासमोर मी रोज पावडर लावून मोबाइलवर हसत होते आणि फोन ठेवला की रडत होते. आता महिना झाला, तपासणी निगेटिव्ह आहे, हिंग तर ओट्यावरून ओळखते. तुम्ही म्हणाल, बघा, रोग त्या घरातच होता. होता. माझ्या अंगात होता, आणि मी त्याला लंकाबाईजवळ जाऊ दिलं नाही, रुक्सानाजवळ जाऊ दिलं नाही, ह्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही. मग माझ्या पोटुशी लेकीजवळ जाऊ देईन होय?