रिकामं म्हणून दिलेलं रान

९ एप्रिल, बुधवार

...गोठा झाडून झाला होता, पाणी भरून झालं होतं, आणि मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. हे बांधावरून ओरडले — "अगं, गाड्या शिरल्यात रानात!" काठी घेऊन भांडायला गेले ते हसत परत आले. "चहा टाक. पुण्याची पोरं हायेत. आपल्या रानात शर्यत करायची म्हणत्यात." म्हटलं, शर्यत? मग बैल कुठायत? तर म्हणाले, "बॉनेटखाली!"

पंचवीस वर्षं झाली त्या सकाळीला. ती आज आठवली कारण दयानंद आले होते. त्या पोरांचे तेव्हाचे म्होरके, आता केस पांढरे झालेत. क्लबचा रौप्यमहोत्सव करायचा आहे. मातीच्या वाटेवर घड्याळ लावून एकेक गाडी पळवायची, ऑटोक्रॉस म्हणतात त्याला. दरवर्षी माघात आपल्याच रानात होते. यंदा परवानग्या अडकल्या, पाहुणे मिळेनात, म्हणून मे महिन्यात ठेवली आहे. १८ तारखेला.

"वहिनी, चषकाला जालिंदरभाऊंचं नाव द्यायचं ठरलंय. पौड रस्त्यावर मोठा फ्लेक्स लावू. मेमध्ये रान रिकामंच असतं ना?"

हो म्हटलं. रिकामंच असतं.

१० एप्रिल

रिकामं नसतं. मेमध्ये तुकाबाई धनगरणीची मेंढरं बसतात.

११ एप्रिल, शुक्रवार

दिवाळीनंतर कोकणात उतरताना तुकाबाई दाराशी थांबली होती. मी तिच्या ओटीत तांदूळ घातले आणि म्हटलं, येताना आपल्याच रानात बसव. सासूबाई असंच करायच्या. मेंढरं आठ-दहा रात्री रानात बसली की लेंडीखताने भाताचं रोप तरारून येतं. त्यांना धान्य मिळतं, विहिरीचं पाणी मिळतं, टेकायला जागा मिळते. ओटीत तांदूळ पडले की शब्द पडला. त्याला दुसरा कागद लागत नाही.

दयानंदांना आजच सांगायला हवं. पण त्यांनी चषकाचं चित्र पाठवलं आहे. खाली ह्यांचं नाव — कै. जालिंदर ढमाले स्मृती चषक. चार वेळा वाचलं.

उद्या सांगते.

१९ एप्रिल, शनिवार

सांगितलं नाही.

अपूर्वा आली होती. क्लबच्या प्रसिद्धीचं काम तिच्याकडे आहे. बावधनला राहते, गाडी स्वतः पळवते, बोलतेही त्याच वेगाने. मोबाइल काठीला लावला आणि मला बांधावर उभं केलं. "काकू, काकांबद्दल बोला. आणि शेवटी म्हणा, आमचं रान, आमचा ट्रॅक!"

मी बोलले. वळणावर उभे राहून हे कसे झेंडा दाखवायचे, धुळीने मिशा कशा लाल व्हायच्या. क्लबची मुलं वर्तमानपत्रं टाकून जायची, ती वाचता वाचता मी पुस्तकांपर्यंत कशी आले, तेही सांगितलं.

"छान! पण परत एकदा घेऊ. आणि रडू आलं तर थांबू नका हं काकू, ते खूप छान येतं."

दुसऱ्या वेळेला मी रडले. रडू आलं नाही — आणलं! ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. रोज जे आपसूक येतं, ते आज मी बोलावून आणलं आणि दाखवलं. रात्री जेवण गेलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

तुकाबाईचा फोन. वाजू दिला.

२७ एप्रिल, रविवार

पुन्हा फोन. तेव्हा हातात पीठ होतं. पण हात धुतल्यावरही मी उलटा फोन केला नाही.

स्वतःला विचारते, एवढं काय त्या फ्लेक्सात? ह्यांना फोटोची आवड नव्हती. पण हे गेल्यावर गावात नाव घेणारं कोण उरलं? ग्रामपंचायतीच्या फ्लेक्सवर वाढदिवसाची पोरंटोरं झळकतात. ह्यांनी बावीस वर्षं रान दिलं, त्यांचं तोंड एकदा रस्त्यावर दिसावं असं वाटतं. वाटतं, तर वाटतं.

४ मे, रविवार

फ्लेक्स लागला. कासार आंबोलीच्या फाट्यावर, चांगला उंच. बसमधून उतरून बघत उभी राहिले. भाच्याच्या लग्नातला फोटो आहे. अपूर्वाने कॉम्प्युटरवर अंगात रेसिंगचं जाकीट घातलंय. टोपी मात्र ठेवली, म्हणजे खाली जाकीट आणि वर गांधी टोपी. हसू आलं आणि मग भर रस्त्यात डोळे भरले. हे रडू खरं होतं.

पानाच्या टपरीवरचा धनाजी म्हणाला, "काकी, दादा हिरो दिसतोय की!"

त्या एका वाक्यावर घरापर्यंत चालत आले. एवढा आनंद झाला! आणि ज्याच्या बदल्यात झाला, तेही पाठोपाठ घरापर्यंत आलं.

१० मे, शनिवार

आज फोन उचलला. म्हसू होता, तुकाबाईचा नवरा. ताम्हिणी चढून वर आलेत. "वयनी, बुधवारपातुर येतोय. विहिरीला पानी हाय न्हवं? लई मेंढ्या व्यायल्यात औंदा."

आणि माझ्या तोंडून गेलं — "अरे म्हसू, यंदा उन्हाळी भुईमूग केलाय."

तो म्हणाला, "बरं. रान तुमचं हाय." रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

भुईमूग! बाहेर रोलर फिरतोय, टँकरने पाणी मारताहेत, वळणांवर टायर रचलेत.

१४ मे, बुधवार

तुकाबाई दारात. डोईवर हंडा, काखेत कोकरू.

रान ओट्यावरून सगळं दिसतं. तिने डोळ्यांवर हात धरून सावकाश बघितलं. टायर, पताका, आणि धूळ उडवत सराव करणारी एक लाल गाडी.

"वयनी, तुज्या भुईमुगाला चाकं फुटली म्हन की!"

आत ये म्हटलं. आली नाही.

"पानी ने म्हनशील का, त्येबी भुईमुगाला लागतंय?"

हंडा मीच भरून दिला. ती म्हणाली, "सुनेनं मोबाइलात दावली तुला. चष्मा घालून झ्याक दिसतीस. रडलीस बी झ्याक."

जाताना वळून म्हणाली, "आदी सांगितलं असतं तर वरंधा घाटानं चढलो असतो. तिकडं दोन रानं बोलवत व्हती. तोंडानं सांगायचं, औंदा न्हाई. आमी काय भांडलो असतो?"

१५ मे, गुरुवार

दयानंदांचा फोन. उद्घाटनाला झेंडा मीच दाखवायचा. नेसायला साडीही पाठवताहेत. ह्यांच्या छातीत दुखलं तेव्हा ह्याच माणसाने शर्यतीच्या गाडीत घालून पुण्याला नेलं होतं. हे वाचले नाहीत, पण दयानंदांनी कसूर ठेवली नव्हती. अशा माणसाला तीन दिवस राहिले असताना नाही म्हणायचं?

एप्रिलमध्ये एका वाक्यात सांगून झालं असतं. दोघांनाही.

१६ मे, शुक्रवार

न राहवून भाकरी-पिठलं बांधलं आणि गेले. भरे गावाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या कठड्यापाशी त्यांनी वाघूर लावलंय. मेंढरं आत ठेवायचं ते जाळं. ते आणि डांबर यांच्यामध्ये हातभरसुद्धा जागा नाही. बाकी दोन्हीकडे बंगल्यांची तारेची कुंपणं. "गेल्या साली ह्या अंगाला चार रानं व्हती," म्हसू म्हणाला, "औंदा तुमचं एकलंच."

डंपर गेला की सगळा कळप एका अंगाला ढकलला जातो. म्हसू काठी आडवी धरून रस्त्याच्या बाजूला उभा होता. बुधवारपासून आळीपाळीने तसेच उभे आहेत, तो, तुकाबाई आणि सून सोनिया. परवा दोन कोकरं चाकाखाली गेली. मला कुणी सांगितलं नाही. सोनियाच्या कडेवरची पोर बोलली — "आमचं बाळ्या मेलं, ढवळंबी मेलं."

मी तुकाबाईपाशी खाली बसले. म्हटलं, चुकलं माझं. खोटं बोलले.

ती भाकरी मोडत होती. "दादाचं नाव झालं का पर?"

"झालं."

"मग झालं तर. नाव कुनाला नगं वाटतंय? माजा म्हसू मेल्यावर मी बी लावीन फ्लेक्स, मेंढरासकट!"

म्हसू रस्त्यावरून ओरडला, "आदी मरू तरी दे की!" तिघंही हसली. मीही हसले. हसता हसताच डंपरचा हॉर्न वाजला आणि तुकाबाई नि सोनिया घास टाकून उठल्या.

घरी आल्यावर हे कोनाड्यात ठेवलेल्या फोटोत होते, जाकिटाविना. त्यांच्याकडे बघवलं नाही. हे असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. महिनाभर ठाऊक आहे.

साडी आली. मोरपंखी आहे. पिशवीतून काढली नाही.

१८ मे, रविवार

काल उजाडताच दयानंदांना मीच फोन केला आणि रान देत नाही म्हणाले. "वहिनी, हे महिनाभर आधी सांगायचं होतंत," एवढं बोलून त्यांनी शर्यत रद्द केली. मग वळणावरचे टायर बाजूला ओढले, आणि तुकाबाईची मेंढरं आत घेतली.